‘पुट अप विथ’ : आपण काय काय खपवून घेणार?



आमच्या विहारातल्या अभ्यासिकेतला एक मुलगा. खेड्यातून आलेला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, पदवीला पहिल्या वर्गात पास झालेला. पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीसाठी तो एका मोठ्या संस्थेत गेला. समोर तीन प्राध्यापक बसलेले. त्यातल्या एकाने, बहुधा चांगल्या हेतूनेच, विचारले : ‘व्हॉट डिड यू हॅव टु पुट अप विथ इन युवर व्हिलेज?’ म्हणजे गावात तुला काय काय खपवून घ्यावे लागले?

आमच्या मुलाच्या कानावर ‘पुट अप’ पडले. कॉलेजात त्याला दहा जणांनी दहा वेळा विचारले होते, ‘व्हेअर आर यू पुट अप?’ म्हणजे राहायला कुठे आहेस? त्याने झटकन उत्तर दिले, ‘विथ माय पेरेंट्स सर, इन अवर ओन हाउस.’ आईवडिलांबरोबर, आमच्या स्वतःच्या घरात. समोरचे तिघे हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

रात्री फोनवर हे सांगताना तो स्वतःही हसत होता. त्या प्रश्नाचा खरा अर्थ काय होता हे आम्ही सांगितल्यावर मात्र तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘दादा, त्याच प्रश्नाचं उत्तर तर मला सगळ्यात जास्त येत होतं.’

आज आम्ही या एका वाक्याबद्दल लिहिणार आहोत. चळवळीच्या ब्लॉगवर इंग्रजी क्रियापद कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, मग भांडावे.

आधी अर्थ समजून घेऊ

बाजारात इंग्रजीचे क्लास चालतात. तिथे ‘पाचशे फ्रेझल व्हर्ब’ची झेरॉक्स मिळते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. त्यात लिहिलेले असते, ‘पुट अप विथ – सहन करणे’. संपले. मुले घोकतात. परीक्षेत जोड्या लावा आले तर एक गुण मिळतो. मुलाखतीत वाक्य आले की गडबड होते, कारण घोकलेल्या जोडीला ना संदर्भ असतो ना आवाज.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे काय? साधे क्रियापद घ्यायचे, त्याला एक-दोन छोटे शब्द जोडायचे, आणि तिघांचा मिळून असा अर्थ तयार होतो जो एकेकट्यात कुठेच नसतो. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर, ‘विथ’ म्हणजे सह. ठेवणे, वर, सह. यातून ‘खपवून घेणे’ कुठून निघाले? शब्दाशब्दाने शोधायला गेलात तर जन्मभर सापडणार नाही.

पण आपल्याला हे नवीन आहे का? गावात कुणी धमकी देतो, ‘तुला पाहून घेईन!’ ‘पाहणे’ म्हणजे डोळ्यांनी बघणे, ‘घेणे’ म्हणजे हातात घेणे. यात लाठी कुठे आहे? तरी ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ‘त्याने वेळ मारून नेली’ यात कुणी कुणाला मारत नाही, कुठे काही नेत नाही. वस्तीतल्या पाच वर्षांच्या पोरालाही हे कळते. म्हणजे फ्रेझल व्हर्ब समजण्याची बुद्धी आपल्याकडे नाही हा समज मुळातच खोटा आहे. बुद्धी आहे. तिला कुणी हाक मारली नाही, एवढेच.

आता ‘पुट अप’चे घर बघा. ‘पुट अप अ पोस्टर’ म्हणजे पोस्टर लावणे. चौदा एप्रिलला आपण हेच करतो. ‘पुट अप अ स्टॅच्यू’ म्हणजे पुतळा उभारणे. ‘पुट अप अ कँडिडेट’ म्हणजे उमेदवार उभा करणे. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत उमेदवार उभे केले, ते हेच. सरकारी कचेरीत साहेब कारकुनाला म्हणतो, ‘फाइल पुट अप करा’, म्हणजे सही-शेऱ्यासाठी समोर सादर करा. ‘पुट समवन अप’ म्हणजे एखाद्याला आपल्याकडे राहायला जागा देणे. ‘पुट अप अ फाइट’ म्हणजे झुंज देणे.

आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे खपवून घेणे.

झुंज देणे आणि खपवून घेणे, दोन्हींची सुरुवात एकच. पुढचा शब्द बदलला की माणूस एकतर लढतो नाहीतर गप्प बसतो. झेरॉक्सच्या कागदावर या दोन ओळींमध्ये चाळीस ओळींचे अंतर असते, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही.

‘सहन करणे’ हे भाषांतर का चुकीचे

इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडून पाहा. ‘पुट अप विथ’चा अर्थ साधारण असा दिलेला असतो : नकोशी गोष्ट किंवा नकोसे वागणे तक्रार न करता चालू देणे. या व्याख्येतले महत्त्वाचे शब्द आहेत ‘तक्रार न करता’. त्रास किती झाला यावर या क्रियापदाचा भर नाही. त्रास होत असताना तोंड बंद ठेवले, यावर आहे.

मराठीत ‘सहन करणे’ हा सद्गुण मानला जातो. सहनशील सून, सोशिक आई, सहिष्णू समाज. संतांच्या नावाने, पुराणांच्या नावाने, संस्कारांच्या नावाने आपल्याला हेच पाजले गेले की जो सोसतो तो मोठा. ‘सहन करणे’ म्हटले की कौतुकाचा वास येतो. ‘पुट अप विथ’ला तसा वास नाही. इंग्रजी बोलणारा माणूस हे क्रियापद बहुतेक वेळा नकारात वापरतो : ‘आय वोन्ट पुट अप विथ धिस’, मी हे खपवून घेणार नाही. ‘व्हाय शुड वुई पुट अप विथ इट?’ आम्ही का खपवून घ्यावे? किंवा नाइलाज सांगताना वापरतो : ‘दे हॅड टु पुट अप विथ इट’, त्यांना खपवून घ्यावे लागले. म्हणून याचा नेमका मराठी जोडीदार ‘खपवून घेणे’ हा आहे. तोही आपण बहुतेक नकारातच वापरतो. मोर्चात कुणी ‘सहन करणार’ अशी घोषणा देत नाही. ‘खपवून घेणार नाही’ अशीच देतो.

आता वाक्ये बघा. क्लासच्या पुस्तकात उदाहरण असते, ‘शेजाऱ्यांचा गोंगाट ती खपवून घेते’. ठीक आहे. ज्याच्या आयुष्यात शेजाऱ्याचा गोंगाट हीच मोठी अडचण आहे त्याच्यासाठी ते वाक्य आहे. आम्ही अभ्यासिकेत मुलांना म्हटले, हे वाक्य खोडा आणि आपापल्या घरातले वाक्य लिहा. एका मुलीने लिहिले, ‘माय ग्रँडमदर हॅड टु पुट अप विथ अ सेपरेट कप.’ माझ्या आजीला वेगळा कप खपवून घ्यावा लागला. हॉटेलच्या वळचणीला ठेवलेला, स्वतःच विसळून परत ठेवायचा तो कप. दुसऱ्याने लिहिले, ‘माय फादर पुट अप विथ हिज नेम.’ त्याला विचारले, नाव कसे खपवून घेतले? तो म्हणाला, साठीला आले तरी मालकाचा पोरगा त्यांना अरे-तुरे करून हाक मारायचा. तिसरीने लिहिले, ‘आय वोन्ट पुट अप विथ द क्वेश्चन अबाउट माय सरनेम.’ आडनावाबद्दलचा प्रश्न मी खपवून घेणार नाही.

त्या दिवसानंतर त्या वर्गात हे क्रियापद कुणी विसरलेले नाही. व्याकरणही तिथेच शिकवून झाले. ‘पुट’चा भूतकाळ ‘पुट’च राहतो, बदलत नाही. ‘पुट अस अप’ असे मध्ये तोडता येते, पण ‘पुट अप विथ’ हे तीन शब्द एकमेकांना सोडत नाहीत. जे खपवून घ्यायचे ते साध्या विधानात ‘विथ’च्या नंतर येते. आणि ‘पुट अप विथ’ व ‘हॅड टु पुट अप विथ’ यात फरक आहे. पहिल्यात माणसाने खपवून घेतले एवढेच कळते, दुसऱ्यात त्याच्यापुढे पर्याय नव्हता हे कळते. आजीबद्दल लिहिताना दुसरेच लिहावे लागते. आजीने काही हौसेने तो कप उचलला नव्हता. तिच्या मजबुरीला ‘तुमचे लोक पूर्वी किती गुण्यागोविंदाने राहायचे’ असे नाव देणाऱ्यांना हे ‘हॅड टु’ कुणीतरी शिकवायला हवे.

‘घ्या’, ‘घ्या’, ‘घ्या’

इंग्रजी बाजूला ठेवून आता आपल्या मराठीकडे या. गावात अत्याचार झाला, बाई पोलीस ठाण्यात गेली. तिला काय ऐकायला मिळते? ‘मिटवून घ्या.’ सरपंच म्हणतात, ‘समजून घ्या, पोरं आहेत, चुकली.’ नातेवाईक म्हणतात, ‘जुळवून घ्या, गावात राहायचंय.’ कचेरीत वरिष्ठ म्हणतो, ‘सांभाळून घ्या.’ वसतिगृहात रेक्टर म्हणतो, ‘चालवून घ्या, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.’

मिटवून घ्या, समजून घ्या, जुळवून घ्या, सांभाळून घ्या, चालवून घ्या. पिढ्यानपिढ्या आपल्याला इतके ‘घ्या’ म्हटले गेले, पण हातात काय पडले? जमीन घ्या असे कुणी म्हटले नाही. पाणी घ्या असे कुणी म्हटले नाही. पाणी घ्यायला २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, आणि ते घेतले म्हणून लाठ्या खाव्या लागल्या.

हे सगळे ‘घ्या’ एकाच इंग्रजी क्रियापदात बसतात. ‘पुट अप विथ इट.’ तक्रार करू नका. म्हणून आम्ही म्हणतो की हे क्रियापद शिकणे म्हणजे आपल्यावर चालवल्या जाणाऱ्या हत्याराचे नाव शिकणे आहे. नाव कळले की ते ओळखू येते. कुणी गोड आवाजात ‘जुळवून घ्या’ म्हणाला की कानात घंटा वाजली पाहिजे : हा मला तक्रार करू नको म्हणतोय.

आणि कायदा तर तक्रारीवरच हलतो. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. कायद्याच्या सुधारित कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवायची, आणि तिची प्रत द्यायची. हे कर्तव्य मुद्दाम टाळणारा बिगर दलित-आदिवासी लोकसेवक स्वतःच शिक्षेला पात्र ठरतो. पोलीस ठाण्यातली ही तक्रार मराठीतच द्या, अगदी छातीठोकपणे. महाराष्ट्रात त्यासाठी इंग्रजीची काही गरज नाही. पण ‘मिटवून घ्या’ ऐकून घरी परत आलात तर कोणत्याच भाषेतले कोणतेच कलम तुमच्या मागे चालत येणार नाही.

बडोद्याचे अकरा दिवस

‘पुट अप’चा दुसरा अर्थ, राहायला जागा देणे, आपल्या इतिहासात काळ्या अक्षरांनी लिहिलेला आहे. १९१७ साल. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स पाहून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. ज्या संस्थानने शिष्यवृत्ती दिली त्याच संस्थानच्या राजधानीत त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी सरायीत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला पारशांचा घोळका आला आणि संध्याकाळपर्यंत खाली कर म्हणाला. शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायको येणार आहे, तिला विचारून सांगतो म्हटले. त्या विद्वानाने एका सार्वजनिक बागेत कित्येक तास काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

‘नोबडी वुड पुट हिम अप.’ कुणीच त्यांना ठेवून घ्यायला तयार नव्हते. हा प्रसंग त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत स्वतःच इंग्रजीत लिहून ठेवला. का इंग्रजीत? कारण परदेशी माणसाला अस्पृश्यता म्हणजे काय हे समजावे, हा त्या आठवणींचा उद्देश होता. इथल्या वाचकाला सांगायची गरज नव्हती, तो ती रोज पाळत होता.

आज पुण्यात, मुंबईत, दिल्लीत आपली पोरे खोली शोधतात तेव्हा काय होते? फोनवर सगळे ठरते. मग मालक विचारतो, ‘पूर्ण नाव काय?’ नाव सांगितले की खोली कालच दिलेली असते. म्हणजे शंभर वर्षांत ‘पुट अप’चा प्रश्न सुटला नाही, म्हणून ‘पुट अप विथ’चा प्रश्नही सुटत नाही. एक शिकताना दुसरे आपोआप शिकावे लागते.

आक्षेप पहिला : मातृभाषा बुडेल

इंग्रजी म्हटले की मातृभाषेचे कैवारी उठतात. मराठी मरेल, संस्कृती बुडेल. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी महाराष्ट्रातल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले तेव्हा किती आरडाओरडा झाला ते आठवा. त्याआधी मराठी शाळेतल्या मुलाला पाचवीत जाईपर्यंत ए-बी-सी-डी भेटत नव्हती. ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांची नातवंडे मराठी शाळेत होती, हा प्रश्न आम्ही तेव्हाही विचारला, आजही विचारतो. स्वतःच्या घरात इंग्रजी आणि दुसऱ्याच्या घरात मातृभाषाप्रेम, ही जुनीच विभागणी आहे. पूर्वी ती संस्कृतच्या बाबतीत होती. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली.

आम्ही मराठीचे वैरी नाही. ज्यांनी ‘मूकनायक’ १९२० साली आणि ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली मराठीत काढले, त्यांची आम्ही लेकरे आहोत. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उठवायला मराठी वापरली आणि जगाच्या दारावर धडक द्यायला इंग्रजी वापरली. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणाचा मजकूर झेपला नाही म्हणून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते न झालेले इंग्रजी भाषण स्वतः छापले. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’च्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. मंडळाच्या अटी त्यांनी खपवून घेतल्या असत्या तर ते पुस्तक आज आपल्या हातात नसते. ‘पुट अप विथ’चे नकारार्थी वाक्य याहून मोठे कुठले हवे?

आक्षेप दुसरा : इंग्रजी म्हणजे साहेबाची गुलामी

हा आक्षेप आपल्याच काही मित्रांचा आहे. मेकॉलेने १८३५ च्या टिपणात राज्यकर्ते आणि रयत यांच्यामधला दुभाषा वर्ग घडवायचे म्हटले होते हे खरेच आहे. पण त्या वर्गात कोण शिरले? ज्यांच्या घरात आधीच पोथी आणि लेखणी होती ते. इंग्रजी आमच्यासाठी आणली गेली नव्हती. जोतीराव-सावित्रीबाईंनी ती आमच्याकडे ओढली. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात सरकारने शूद्रातिशूद्रांकडून पैसा गोळा करून वरच्यांना शिकवल्याचा हिशेब मांडला. साहेबाला साहेबाच्याच भाषेत जाब विचारण्याची रीत तिथून आहे. याला गुलामी म्हणायचे असेल तर बंड कशाला म्हणायचे?

आक्षेप तिसरा : मग इंग्रजीलाच देवी माना

काहीजण दुसऱ्या टोकाला गेले. २०१० साली उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यात बांका गावी चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीचे मंदिर उभारायला घेतले गेले. त्यामागची तळमळ आम्हाला समजते. इंग्रजी हेच दलितांच्या सुटकेचे दार आहे हे गावोगाव पोहोचवायचे होते. तरीही आम्ही नम्रपणे सांगतो, आम्हाला देवी नको. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने भाषेपुढे हात जोडायचे नसतात. देवीपुढे आपण मागतो. भाषा मागून मिळत नाही, वापरून मिळते. आणि जिला देवी केले तिच्या चुका करायला माणूस घाबरतो. आमच्या मुलांना आज सगळ्यात जास्त गरज आहे ती चुका करण्याच्या हक्काची.

इंग्रजी येते म्हणजे हुशार?

इथे एक कडू गोष्ट बोलायला हवी. आपली मुले ‘तर्खडकर’ पाठ करून काळ शिकतात, मोठे मोठे शब्द शिकतात. त्यांना ‘पोस्टपोन’ येतो, ‘इन्व्हेस्टिगेट’ येतो, ‘रिजेक्ट’ येतो. पण समोरचा माणूस म्हणतो ‘पुट ऑफ’, ‘लुक इन्टु’, ‘टर्न डाउन’. पुस्तकी शब्द पुस्तकातून मिळतात. हे छोटे शब्द मिळतात जेवणाच्या ताटावर, आईवडिलांच्या गप्पांत, घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या बोलण्यात. ज्याच्या घरी तीन पिढ्यांपासून इंग्रजी आहे त्याला ते फुकट मिळतात, जसे वडिलोपार्जित शेत मिळते. मग मुलाखतीत तो सफाईने बोलतो आणि त्याला गुणवत्ता म्हणतात. वारशाच्या सातबाऱ्याला मेरिट म्हणायची ही खास भारतीय पद्धत आहे.

त्या दिवशी आमच्या मुलाला हसणारे तिघे दुष्ट नसतील. पण आपण ज्ञान तपासतोय की वारसा तपासतोय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा विचारायला किती सेकंद लागले असते? आम्ही हे हसणेही खपवून घेणार नाही. मुलांना आम्ही सांगतो, समजले नाही तर मान खाली घालून अंदाज करू नका. सरळ म्हणा, ‘सर, प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचाराल का?’ हे म्हणणे तुमचा अधिकार आहे.

क्लासवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी, आणि फी अशी की आईला बचत गटातून कर्ज काढावे लागते. तिथे शिकवतात काय? केक कापताना काय म्हणायचे, विमानतळावर काय म्हणायचे. जातीचा दाखला मागताना, शिष्यवृत्ती अडली असताना, गाइड छळत असताना काय म्हणायचे, हे कुठल्याच झेरॉक्सवर नसते.

मग करायचे काय?

१८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेत तीनेक वर्षे शिकलेली ती मुलगी. अक्षरे हातात आल्यावर तिने फुलाफळांवर निबंध लिहिला नाही. मांग-महारांच्या दुःखावर लिहिला. जे तिच्या लोकांना खपवून घ्यावे लागत होते ते तिने चारचौघांपुढे मांडले. भाषा कशी शिकायची याचा यापेक्षा चांगला नमुना आम्हाला माहीत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात, अभ्यासिकेत, वसतिगृहात आठवड्यातून एक तास काढा. झेरॉक्सची यादी फेकू नका, ती कच्चा माल म्हणून वापरा. दर वेळी एकच फ्रेझल व्हर्ब घ्या, पन्नास नको. आधी त्याचा खरा मराठी जोडीदार शोधा, तोही बोलीतला. मग प्रत्येकाने तीन वाक्ये लिहायची : एक आपल्या घरच्या मोठ्यांबद्दल, एक स्वतःबद्दल, एक उद्याबद्दल. उद्याचे वाक्य नकारात आले तर उत्तम. वाक्ये उभे राहून मोठ्याने वाचायची. चूक झाली तर दुरुस्त करायची, हसायचे नाही. ज्याला थोडे जास्त येते त्याने शिकवायचे, फुकट. ज्यांना नोकऱ्या लागल्या आणि जे शहरात स्थिरावले त्यांनी जयंतीच्या वर्गणीइतकाच आपला वेळही द्यावा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती शब्दकोश येतात, याचा हिशेब आम्ही मांडत नाही. तुम्हीच मांडा.

आणि हे शिकून थांबायचे कुठे? परदेशी शिक्षणासाठीचा अर्ज, त्याबरोबरचे स्वतःविषयीचे निवेदन, केंद्रीय विद्यापीठातल्या तक्रार समितीला लिहायचे पत्र, सर्वोच्च न्यायालयातली याचिका, हे सगळे बहुतेक इंग्रजीतच चालते. अशा पत्रात ‘पुट अप विथ’ लिहू नका, ते बोलण्यातले आहे. तिथे ‘टॉलरेट’ लिहा, तारीख लिहा, वेळ लिहा, साक्षीदार लिहा. कोणता शब्द कुठे चालतो हे कळणे म्हणजेच भाषा येणे.

तो मुलगा यंदा पुन्हा मुलाखतीला जाणार आहे. दर रविवारी तो अभ्यासिकेत लहान मुलांना फ्रेझल व्हर्ब शिकवतो. पहिला धडा तोच, ‘पुट अप विथ’. स्वतःची गोष्ट तो स्वतःच सांगतो, मुले हसतात, मग तो फळ्यावर प्रश्न लिहितो : ‘व्हॉट डिड यू हॅव टु पुट अप विथ?’ आणि खडू मुलांच्या हातात देतो. फळा पुरत नाही.

तुमच्याही गावात एक फळा असेल. या रविवारी त्यावर हा प्रश्न लिहा.

जय भीम!